आलेइडिसची मूठ

आलेइडिस आम्हा बेगिन बायकांत, म्हणजे प्रार्थना करत आणि लोकरीच्या कामावर पोट भरत एकत्र राहणाऱ्यांत, राहायला आली, तेव्हा तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. लेये नदीच्या पुरात तिचा पाच वर्षांचा योरिस त्याच हातातून निसटला. पोर सापडलं नाही आणि बोटं पुन्हा उघडली नाहीत. वैद्यांनी तेलं चोळली, पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं. सात वर्षं तशीच गेली.

ती डाव्या हाताने लोकर पिंजायची, तीही भराभर.

"दोन्ही हात चालले असते तर आमच्या पोटावर पाय दिला असतास," मी म्हणायचे.

"तुझे दोन्ही चालतात की, माख्टेल्ड. पण आधी तोंड, मग हात!"

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्या थोरल्या हेलविखबाईंनी शुभवर्तमानातली वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली. प्रभू त्याला सभास्थानात मधोमध उभं करतो आणि हात पुढे कर म्हणतो, आणि तो हात बरा होतो. आलेइडिस ताडकन उठली.

"मी सात वर्षं हात पुढे करतेय, बाई. त्याला मी दिसत नाही का?"

"बस, पोरी. ते सभास्थान कुठे आहे, सांग बघू?"

"यहुद्यांच्या गावात. मला काय ठाऊक!"

"मला ते इथे दिसतं." बाईंनी तिच्या छातीवर बोट टेकवलं. "आत भिंतीला चिकटून एक बाई उभी आहे. मधे ये, असं तो तिला म्हणतोय. तू बोटांकडे बघत बसतेस, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीस. काय धरलंय गं तिने?"

आलेइडिसने मूठ छातीशी ओढून घेतली.

"योरिसचा हात," ती म्हणाली. "सोडला तर पुन्हा जाईल."

सोडून दे, असंच बाई म्हणतील असं मला वाटलं.

"मग नको सोडूस," त्या म्हणाल्या. "नुसती बघत राहा तिच्याकडे."

त्या दिवसापासून सकाळची प्रार्थना झाली की आलेइडिस डोळे मिटून बसू लागली. कधी रडायची, कधी पेंगायचीही. ईस्टरनंतर एका दुपारी आम्ही लोकर धूत होतो आणि तिची तीन बोटं उघडली. तळवा पांढराफटक, नखं रुतून खड्डे पडलेले. मी आनंदाने ओरडणार, तोच तिने हंबरडा फोडला.

"माख्टेल्ड, तो नाही गं यात!"

मी तिला ओल्या हातांनीच कवटाळलं. उरलेली दोन बोटं कधीच सुटली नाहीत.

उन्हाळ्यात ती मला नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावी घेऊन गेली. तिथे चौकशी करायची छाती तिला इतकी वर्षं झाली नव्हती. कबरी खणणाऱ्या म्हाताऱ्याने कोपऱ्यातला एक उंचवटा दाखवला. पुराच्या साली वाहत आलेलं पोर. मुलगा की मुलगी, हेही त्याला आठवत नव्हतं.

"हा योरिस नसेलही," मी हळूच म्हणाले.

"नसू दे. कुणाचं तरी आहे ना?"

ती गुडघ्यांवर बसली आणि तीन बोटांनी त्या उंचवट्यावरचं गवत उपटू लागली. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. मी परत चल म्हटलं, तर म्हणाली, "थांब, एवढी कड राहिलीय."