पान दोनशे बारा

आपल्या भाषणांचं पुस्तक हातात पडलं त्या दिवशीच कार्डिनलांना चूक दिसली होती. पान दोनशे बारा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, पुस्तक मिटलं आणि ते झाडांना पाणी घालायला गेले. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

चूक अशी होती. कार्डिनल हे पोपच्या खालोखालचं पद मिळण्याआधी, पोपचे राजदूत म्हणून ते शेवटी ज्या देशात होते, तिथे लष्कराचं राज्य होतं. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला सगळ्या देशांचे राजदूत राष्ट्रप्रमुखाकडे जमत, आणि रिवाजाने सर्वांच्या वतीने बोलायचा मान पोपच्या राजदूताचा. भाषण तीन दिवस आधी सरकारी शिष्टाचार खात्याला दाखवावं लागे. त्या वर्षी त्यांनी त्यात एक परिच्छेद घातला. घरातून उचलून नेलेल्या आणि पुन्हा कुणाला न दिसलेल्या चार माणसांची नावं त्यात होती. भाषण परत आलं तेव्हा परिच्छेदाशेजारी पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ होती. सोबत शब्दही नाही. त्यांनी परिच्छेद गाळला आणि उरलेलं सुरेख वाचलं. टाळ्याही भरपूर पडल्या.

पण तो जमाना टाइपरायटरचा. एक कागद टाइप केला की त्याच्यामागे कार्बनची निळी प्रत निघायचीच. बोटं निळी आणि पेटीत प्रत. पुढे निवृत्तीनंतर भाषणांचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा ग्रंथालय सांभाळणाऱ्या फादरांना पेटीत त्या भाषणाच्या दोन प्रती सापडल्या. लांब ती पुरी, असा साधा विचार करून त्या भल्या माणसाने लांब प्रत छापली आणि प्रस्तावनेत 'या निर्भय शब्दां'वर दोन पानं खर्ची घातली.

तेव्हापासून पत्रांची रीघ लागली होती. तुमच्या धैर्याला प्रणाम, आमची मान उंच झाली, वगैरे. कार्डिनल प्रत्येकाला उत्तर पाठवत. चाळीस वर्षांत एक विद्या त्यांच्या अंगात पुरती मुरली होती: खोटं न बोलता खरं टाळायची. 'आपल्या भावना पोचल्या' एवढं लिहिलं की झालं.

"दादा, एवढी स्तुती चाललीय आणि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?" त्यांची धाकटी बहीण विचारायची. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहत होती.

"वय झालं."

"वय मलाही झालंय. मी नाही असं तोंड करत!"

आणि मग एका सकाळी एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. पिशवीतून तिने पुस्तक काढलं. दोनशे बाराव्या पानाचा कोपरा हाताळून मऊ झाला होता.

"यातलं तिसरं नाव माझ्या भावाचं, फादर. छापखान्यात खिळे जुळवायचा."

कार्डिनलांना भाऊ आठवणं शक्यच नव्हतं. त्यांना आठवली आई. दर सोमवारी दूतावासाच्या फाटकाशी लेकाच्या नावाची चिठ्ठी घेऊन उभी राहायची. अकरा सोमवार.

"मग आम्ही दोघी तो देश सोडून इकडे आलो. आई आता ब्याण्णव वर्षांची आहे. दिसत नाही तिला. रोज हे पान वाचून घेते माझ्याकडून. म्हणते, भर दरबारात माझ्या लेकाचं नाव घेतलं, एकदा त्यांच्याच तोंडून ऐकू दे. दोन गल्ल्या सोडून राहतो आम्ही. याल?"

पाच ओळींचा तर प्रश्न होता. वाचल्या असत्या तर म्हातारीने समाधानाने डोळे मिटले असते. कुणाचं काय जात होतं?

"पाहू," कार्डिनल म्हणाले.

"त्याचं पाहू म्हणजे नाही, बरं का," बहीण चहा ओतता ओतता म्हणाली. "लहानपणापासूनचं आहे ते. दादा, अरे दोन गल्ल्या तर आहेत! ऊठ, मोजे देते."

"मी ते वाचलंच नव्हतं," कार्डिनल म्हणाले.

"काय?" बाईने विचारलं.

"हे पान. लिहिलं होतं, पण बोललो नाही. गाळलं. पुस्तकात चुकून आलंय." त्यांनी चष्मा काढला. "तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे मला."

बहिणीने किटली खाली ठेवली. बाईने पुस्तक उगाचच उघडलं, मिटलं.

"मी नकळत वाचत होते ते वेगळं," ती म्हणाली. "आता कळल्यावर कसं वाचू? आणि तिला सांगायची छाती नाही माझी. तुम्हीच सांगा."

कार्डिनलांनी बहिणीकडे पाहिलं.

"मी येत नाही," ती म्हणाली. "मला लाज वाटते, दादा."

वाटेत त्यांनी पुस्तकात घालायच्या दुरुस्तीची वाक्यं मनात जुळवून पाहिली. पहिलंच वाक्य असं गुळगुळीत निघालं की त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

खोली एवढीशी होती. म्हातारी उशांना टेकून बसली होती, केस विंचरलेले, हात मांडीवर. पावलं ऐकताच तिने चेहरा वर केला.

"आलात? घ्या, नाव घ्या त्याचं."

"बाई, तेव्हा मी नाव घेतलं नव्हतं. कागदावर होतं. बोलायच्या आधी मीच काढलं."

तिने मांडीवरचे हात एकमेकांत गुंफले. मग म्हणाली, "का हो?"

"त्या वेळची एकंदर परिस्थिती..." शब्द कसे न बोलावता आले! ते थांबले. "मला कार्डिनल व्हायचं होतं. नव्या कार्डिनलांची यादी त्याच महिन्यात ठरणार होती. त्या सरकारची तक्रार पोपकडे गेली असती तर माझं राहिलं असतं."

"मग झालात?"

"झालो."

म्हातारीने मान हलवली. "बरं झालं. एकाचं तरी काम झालं."

टोमणा असता तर त्यांना सोसला असता. टोमणे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि हा टोमणा नव्हता. शेजारणीच्या मुलाला नोकरी लागली की बायका बोलतात, तशी ती बोलली होती.

"ते पुस्तक ठेवून दे गं," ती लेकीला म्हणाली. "आज दुसरं काहीतरी वाच."

लेकीने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. कार्डिनल दाराशी उभे होते. बसा असं त्यांना कुणी म्हणालं नाही, आणि जा असंही नाही.