तलावाच्या लाईनवर

धाकटीला तळघरातल्या पॅनेलच्या खोलीत बसून काम करायला आवडायचं. तिथे ऊब असायची आणि येऊन डोकं खाणारं कुणी नसायचं. शेंडेफळ म्हणून घरात पडलेलं तिचं नाव कामावरही चिकटलं होतं, कारण ज्या ठेकेदाराच्या हाताखाली ती काम करायची तो तिचा सख्खा दादा होता.

इमारत होती एका उपचार केंद्राची. हाडं मोडलेली, सांधे बदललेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकायची. दिवे, खिडक्यांची शटर, पंखे, हीटर असं सगळं एकाच बारीक हिरव्या वायरवर बोलायचं. प्रत्येक मजल्याची स्वतःची लाईन होती, तळघरातल्या पोहण्याच्या तलावाची वेगळी, आणि प्रत्येक लाईनच्या तोंडाशी एक कपलर. कपलर म्हणजे दारावरचा पहारेकरी. कुठला निरोप आत सोडायचा आणि कुठला बाहेरच थांबवायचा, याची यादी त्याच्या पोटात भरलेली असते. ती यादी म्हणजे त्याचा फिल्टर. फिल्टर काढला की तोच कपलर नुसता रिपीटर होऊन बसतो: आला निरोप की दिला पुढे ढकलून, कुणाचा आणि कशासाठी हे विचारायचं नाही.

तक्रार साधी होती. तलावाच्या हॉलमध्ये दमट हवा मोजणारं यंत्र होतं, पण त्याचा निरोप वरच्या पंख्यांपर्यंत पोचत नव्हता. भिंती घामेजल्या होत्या, रंगाचे पोपडे निघाले होते. धाकटीने लॅपटॉप मुख्य लाईनला जोडला आणि पाहण्यापुरता तलावाच्या कपलरचा फिल्टर बंद केला. सगळं जाऊ दे, मग बघू कुठे अडतंय ते. असं तिने पूर्वी कितीतरी ठिकाणी केलं होतं.

तलावात त्या वेळी तिची वहिनी होती. वहिनीचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी कोमट पाण्यात हालचाल करायला सांगितलं होतं. काम चालू असल्यामुळे तलाव इतरांना बंद होता. "मग माझ्या एकटीसाठी उघडा की, तेवढाच राजेशाही थाट," असं वहिनीनेच केंद्राच्या देखरेखवाल्या काकांना हसत हसत पटवलं होतं. धाकटी शाळेत असताना ही वहिनी घरात आली, आणि आई गेल्यावर तिचे डबे भरणं, वेण्या घालणं, वेळप्रसंगी कान उपटणं सगळं तिच्याच वाट्याला आलं. धाकटी तिला अगं-तुगं करायची. दादाला ते रुचत नसे, वहिनीला मात्र आवडायचं.

फोनवर दादाचा आवाज आला. तो सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. "धाकटे, सगळी शटर एकदम खाली करून बघतो गं. एक-दोन अडकतायत म्हणे."

"कर," ती म्हणाली. फोन स्पीकरवर ठेवून तिने खिशात टाकला.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या. शटर खाली घ्यायचा निरोप आला, मुख्य लाईनवरून गेला, आणि फिल्टर नसल्यामुळे तलावाच्या लाईनवरही उतरला. उतरू दे. तिथे खिडक्याच नव्हत्या, तर ऐकणार कोण?

पण उत्तर आलं.

धाकटी पुढे वाकली. तलावाच्या लाईनवरून कुणीतरी आपण कुठवर सरकलो ते कळवत होतं. त्या पत्त्याचं यंत्र तिच्या नकाशात नव्हतं. तिने नकाशा खालीवर करून पुन्हा शोधलं. नव्हतंच. तेवढ्यात दुसरी ओळ आली. आकडा वाढला होता. मग तिसरी. आकडा आणखी वाढला.

काहीतरी हलत होतं. तिने हलवलेलं, आणि ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

शटर नाही, पडदा नाही, दार नाही. मग तिला आठवलं, वहिनीला सोडायला ती तलावाच्या काठापर्यंत गेली होती तेव्हा पलीकडच्या भिंतीशी बाकाखाली एक जाड गुंडाळी दिसली होती. पांढऱ्या पोकळ पट्ट्यांची. पाण्याची ऊब टिकावी म्हणून पसरायचं झाकण. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कडेला बोटभर फट सोडून, पाणी पूर्ण झाकणारं.

"दादा!" ती ओरडली. "शटर वर घे! सगळी वर!"

"अगं, आत्ता तर खाली घेतली—"

"वर घे म्हणते ना! तलावाचं झाकण बंद होतंय! वहिनी आत आहे!"

खिशातून धावणाऱ्या पायांचा आवाज आला.

तिचा हात आपोआप फिल्टरकडे गेला. आपण उघडलेलं दार आपणच लावावं, असं अंगातली प्रत्येक शीर सांगत होती. बोट टेकलं आणि ती गोठली. दार लावलं तर वर घ्यायचा निरोपही बाहेरच अडकेल. वायर ओढून तोडली तरी तेच. एकदा सुटलेली मोटर कुणाला न विचारता टोकापर्यंत जाणार. मोटरची वीज बंद करायची तर तिचं पॅनेल तलाववाल्या कंपनीच्या खोलीत, आणि त्या खोलीला कुलूप. तिने लॅपटॉपवरून स्वतःच वर घ्यायचा निरोप टाकला. तो गेला नाही. रांगेत जाऊन उभा राहिला. फिल्टर काढल्यावर अख्ख्या इमारतीची बडबड त्या एका लाईनवर कोसळली होती. वारा किती, ऊन किती, कुठल्या खोलीत किती ऊब, सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गर्दीत तिचा निरोप मुका होऊन थांबला होता.

ती उठून पळाली.

बोळ लांबलचक होता आणि फरशी ओली होती. ती भिंतीला खांदा घासत, घसरत, सावरत हॉलच्या दारात पोचली. आत क्लोरीनचा वास होता आणि मोटरची बारीक, एकसुरी घरघर. काठावर राहायला हवी ती मदतनीस बाई नव्हती, टॉवेल आणायला गेली होती. पाणी जवळजवळ दिसेनासं झालं होतं. पांढऱ्या पट्ट्या संथपणे, जराही हिसका न बसता, जिन्याकडच्या भिंतीकडे सरकत होत्या. वहिनी कुठेच नव्हती.

"वहिनी!"

हाक भिंतींवर आदळून परत आली. भिंतीवर झाकण थांबवायची किल्लीची पेटी होती. पेटीत किल्ली नव्हती.

मग तिला दिसलं. झाकणाच्या मध्याच्या थोडं पुढे दोन पट्ट्या वर उचलल्या गेल्या, खाली बसल्या, पुन्हा उचलल्या गेल्या. कुणीतरी आतून ढकलत होतं.

धाकटीला पोहता येत नव्हतं. झाकणावर पाय टाकावा तर आपलंच वजन खालच्या माणसावर पडणार, एवढं भान तिला त्याही अवस्थेत होतं. ती जिन्याशी पालथी पडली, सरकत येणारी कड दोन्ही हातांनी धरली आणि पायऱ्यांच्या दांड्यात पाय अडकवून मागे रेटू लागली. कड थांबेना. तिची कोपरं वाकली, तोंड पाण्याला लागलं. "थांब ना," ती त्या निर्जीव पट्ट्यांना म्हणत होती, "थांब ना रे मेल्या, थांब." पट्ट्यांखाली पाणी डुचमळल्याचा आवाज येत होता. मग तो यायचा थांबला.

तो थांबला हे तिने ऐकलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त भीती वाटत राहिली ती त्याच शांततेची.

मोटर खट्कन थांबली. एक क्षण काहीच नाही. आणि मग कड तिच्या हातातून सुटून उलटी, जशी आली तशीच संथपणे, मागे जाऊ लागली. तिचा निरोप आधी पोचला की दादाचा, हे त्यांना कधीच कळलं नाही.

पट्ट्यांखालून आधी हात बाहेर आला, मग केस, मग वर वळलेला चेहरा. वहिनीने श्वास घेतला तो आवाज माणसाचा वाटला नाही. धाकटी कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती, कधी ते तिला ठाऊक नव्हतं. एका हाताने दांडा धरून तिने दुसऱ्या हाताने वहिनीचा दंड पकडला आणि खेचत पायरीवर आणलं.

दादा पोचला तेव्हा दोघी ओल्या फरशीवर एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. तो वहिनीच्या पायांशी बसला आणि तिची पावलं चोळत राहिला.

"डोळे मिटून उताणी पडले होते," वहिनी म्हणाली. "कान पाण्यात. वाटलं, दिवेच गेले. उठायला गेले तर डोकं आपटलं. मग हाताने पट्टी वर रेटायची आणि त्या फटीत तोंड घालायचं. हात दमला, म्हणून जरा थांबले होते." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "मला डब्यात भरून झाकण लावायला निघाला होतात रे तुम्ही बहीणभाऊ!"

देखरेखवाले काका आणि टॉवेल घेतलेली बाई एकदमच आत आली. प्रकार कळल्यावर काकांचा चेहरा उतरला. नियमाने ते झाकण काठावर उभं राहून, किल्ली धरूनच चालवायचं. पण रोज संध्याकाळी उभं कोण राहणार, म्हणून तलाववाल्यांनी काकांच्याच सांगण्यावरून ते हिरव्या वायरवर घेतलं होतं आणि शटरचाच खाली-वरचा निरोप त्यालाही लावून दिला होता. इतके दिवस कपलरचा फिल्टर मध्ये होता म्हणून निभावलं.

"म्हणजे चूक त्यांची," दादा उसळून म्हणाला. "आपली नाही. ऐकलंस ना, धाकटे?"

"कुणी जखमी तर नाही ना झालं," काका हळूच म्हणाले. "मग कशाला उगाच बाहेर..."

"दार मी उघडलं, काका," धाकटी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आत कोण आहे हे न बघता उघडलं. ते मी सांगणार, आणि झाकणाचंही सांगणार."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पक्कड काढून तिच्या हातात दिली. तिने मोटरच्या डब्याचं झाकण उघडून आतली हिरवी वायर कापली.

कपलरचा फिल्टर मात्र तिला त्या दिवशी पुन्हा लावता आला नाही. बोटं चालेनात. दुसऱ्या दिवशी तिने तलाव रिकामा असल्याचं स्वतः जाऊन पाहिलं, प्रत्येक मजल्यावर माणूस उभा केला आणि मगच नवी यादी भरली. दमट हवेचा निरोप बाहेर, पंख्यांचं उत्तर आत, बाकी सगळं बंद. पंखे फिरले. दादाने शटर खाली घेतली, तेव्हा तलावाच्या लाईनवर एकही ओळ उमटली नाही. तरी ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली, कुणीतरी अनोळखी अजून बोलेल या धास्तीने.

केंद्राने तलाववाल्यांना बोलावलं, दादालाही बोलावलं. दोघांनाही खडे बोल ऐकावे लागले. काकांची बदली दुसऱ्या इमारतीत झाली. झाकण पुन्हा किल्लीवर आलं.

वहिनीला त्यानंतर तोंडावर पांघरूण सोसेना. रात्री चादर गळ्याच्या वर सरकली की ती धडपडून उठायची. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जायला हवंच, नाहीतर पाय आखडेल. शेवटी एके दिवशी ती पुन्हा तलावापाशी गेली. दांडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरली आणि कमरेइतक्या पाण्यात थांबली. धाकटी काठावर बसली होती. झाकण चालवायची किल्ली तिच्या मुठीत होती, आणि पापणी न लववता ती वहिनीकडे बघत होती.

"धाकटे," वहिनी म्हणाली, "तू बस इथेच. पण अशी बघू नकोस गं. मला भीती वाटते."