हाताखालचा हात

"हिला घरीच ठेवा. उगाच एक बाक अडतो."

चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज. सोबतबाई तेव्हा लहान होत्या, थोरल्या बहिणीचं बोट धरून वर्गाच्या दारात उभ्या होत्या. बहिणीला शिकणं जड जाई. गुरुजी तिच्यावर रागावले नव्हते; ऊन पडलंय म्हणावं तसं सहज बोलले होते. बहीण घरी राहिली, ती जन्माची राहिली. आज शाळेच्या मोठ्या बाईंच्या खोलीत, खुर्चीच्या कडेवर बसल्या बसल्या तो आवाज पुन्हा कानात आला. समोरचे शिक्षण खात्याचे साहेबही तसेच सौम्य बोलत होते.

सोबतबाई हे मुलांनी पाडलेलं नाव. ज्या मुलाला शिकणं जड जातं त्याच्या शेजारी दिवसभर बसायचं, हे त्यांचं काम. तीन वर्षं त्या एकाच मुलीशेजारी बसत होत्या. मुलगी अकरा वर्षांची, बोलणं दोन-चार शब्दांचं, गलका झाला की टेबलाखाली जाऊन कान झाकणारी. सोबतबाई तिला मुंगी म्हणत. चाल हळू, पण माघार नाही.

साहेब नवी योजना समजावत होते. यापुढे एका मुलामागे एक माणूस नाही. सहा मुलं, एक खोली, एक बाई. कुबड्यांची सवय लागली की पाय चालायचं विसरतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अगदीच अडलेल्या थोड्या मुलांना स्वतंत्र सोबत राहणार होती. ती कुणाला, हे वहीवरून आणि महिन्याच्या तक्त्यावरून ठरायचं. तक्त्यात दोन रकाने होते, 'मदतीने' आणि 'स्वतःहून'. मुंगीच्या नावापुढे वर्षभर 'स्वतःहून'वर खूण होती. खुणा सोबतबाईंच्या.

मुंगीची आई कपडे शिवायच्या कारखान्यातून अर्धी रजा काढून, ठेवणीतले कपडे घालून आली होती. मांडीवर लेकीची वही. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा तिचा हात त्या वहीवर होता.

"सोबतबाई, तुम्ही तर दगडाला पाझर फोडलात," मोठ्या बाई म्हणाल्या.

आई हसली, पण 'दगडा'पाशी तिचं हसू जरा अडखळलं. मग तिनंच ते सावरून घेतलं. "घरी मात्र पेन्सिलीला शिवत नाही हो. बापावर गेलीय. कामचुकार."

सगळे हसले. सोबतबाईंनी पदर सारखा केला.

सुरुवात झाली ती हातानंच. मुंगीची बोटं पेन्सिलीवर थरथरत, म्हणून त्या आपला तळवा तिच्या मनगटाखाली धरत आणि हळू आवाजात म्हणत,

बोटा रे, चाल चाल, कागदाची लांब वाट
थकलास तर टेक, खाली आहे माझा हात.

मुंगी ऐके आणि टेके. इतकी टेके की पेन्सिल मग सोबतबाईंच्याच जोरावर चाले. रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी आई विचारी, ताई, आज काय लिहिलं? तो चेहरा दिवसभराच्या यंत्रानं शिणलेला असे, आणि त्याला 'काही नाही' सांगायला जीभ उचलत नसे. म्हणून त्या वही दाखवत. एके दिवशी मुंगी टेबलाखालून बाहेरच आली नाही. त्या दिवशी सोबतबाईंनी पान स्वतः भरलं. उजव्या हातानं अक्षर फार शहाणं येई, म्हणून डाव्या हातानं. एकदा भरलं, मग भरतच गेल्या. पांघरूण घालताना कुणी मोजत नाही, किती घातली ते.

गेल्या आठवड्यात नव्या खोलीचा प्रयोग झाला, तोही त्यांच्याच हाती. एक मूल स्वतःचं मनगट चावत होतं, दुसरं दाराकडे धावत होतं. चार दिवस मुंगी टेबलाखाली राहिली. चौथ्या दिवशी तिचे कपडे ओले झाले, ते सोबतबाईंना तासाभरानं कळलं. पोर रडली नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसली होती, ओल सुकायची वाट पाहत. त्याही चार दिवसांची पानं वहीत भरलेली होती.

साहेबांनी कागद पुढं सरकवला. स्वतंत्र सोबतीची गरज उरलेली नाही, असं त्यावर छापलं होतं. खाली आईनं सही करायची, शेजारी सोबतबाईंनी. नवी खोली त्यांच्याकडेच राहील, आणि इतर शाळांतल्या बायांनाही त्याच शिकवतील, असं साहेब कौतुकानं म्हणाले. सोमवारपासून.

आईनं पेन घेतलं. "ताई, कुठं करू?"

सोबतबाईंनी सहीच्या जागेवर तळवा ठेवला. बोलल्या त्या साहेबांशी नाही, आईशी.

"नका करू. वहीतली अक्षरं तिची नाहीत. मी लिहिलीत. डाव्या हातानं."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. तुम्ही काय बोलताय ते कळतंय का, याचा परिणाम काय होईल, असं मोठ्या बाई खालच्या आवाजात विचारू लागल्या. सोबतबाईंनी मान डोलावली. कळत होतं.

आई पानं उलटत होती. आधी भरभर, मग एकेक. ओळीवरून बोट फिरवत, जणू खरवडलं तर खालून लेकीचा हात निघेल. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलांचा लोंढा खिडकीवरून गेला.

"एकही नाही?" तिनं विचारलं.

सोबतबाईंनी वही जवळ ओढली. अगदी मागचं एक पान काढलं. पानभर एकच मोठं अक्षर होतं. त्यातली उभी रेघ वाकडी, मध्ये कागद फाटून पलीकडचं दिसत होतं.

"ही रेघ तिची. दोन दिवस लागले तिला. तेव्हा माझा हात खाली नव्हता." त्यांनी फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "बाकीचं अक्षर मी जोडलं. नुसती एवढीशी रेघ तुम्हाला दाखवायची मला लाज वाटली."