काय घमघमाट सुटलाय!

मार्गशीर्षातली शीतल सांज गिरणा नदीच्या वाळूवरून हळूहळू गावात आली, आणि रात्रबाजाराने एकेक करून आपले दिवे उजळले. पिवळे दिवे, पांढरे दिवे, वाऱ्यावर डोलणारे दिवे. त्यांच्या उजेडात धुराच्या निळसर लडी उलगडत होत्या. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी तडतडत होती, कढईत जिलबीची सुवर्णवलयं फुलत होती, लसणाच्या चटणीवर गरम तेलाची धार पडत होती. साऱ्या गल्लीत वासांचा पूर आला होता.

त्या पुरात कुमुदिनी एकटीच कोरडी उभी होती.

कार्तिकातल्या तापाने तिचा गंध नेला होता. ताप गेला, खोकला गेला, गंध मात्र परतला नाही. शेवंतीला वास नव्हता. फोडणीला वास नव्हता. न्हाऊन आलेल्या लेकीच्या ओल्या केसांनाही वास नव्हता. एकदा दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला, तेव्हा तिने दोष शेजारणीच्या गप्पांवर ढकलला आणि मोकळी झाली. घरात कुणालाच काही कळलं नाही.

आणि उद्या चंपाषष्ठी होती. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि मागोमाग सगळ्या भाऊबंदांची पंगत. देवाच्या ताटात जाण्याआधी अन्न चाखायचं नाही, हा त्या घराचा नेम. बोटाने चाटलं की उष्टं झालं. म्हणून त्या घरच्या सुना वासावर रांधत. वाफ तोंडावर घ्यायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, मीठ चिमूटभर कमी आहे. थोरल्या सुनेचा, कुमुदिनीचा, अंदाज आजवर चुकला नव्हता. सासूबाई चारचौघांत तिचं तोंडभर कौतुक करत, आणि आता त्या कौतुकाचीच तिला धडकी भरली होती.

"ताई, चला ना बाजारात. उद्या दिवसभर चुलीपुढेच बसायचंय, आज जरा जिभेचे चोचले पुरवू," धाकटी जाऊ प्रतिभा म्हणाली होती, आणि कुमुदिनी लगेच निघाली होती. एवढ्या वासांतला एखादा तरी आपल्याला शिवेल, ही तिची वेडी आशा.

ती भरताच्या जाळाजवळ गेली. श्वास घेतला. काही नाही. जिलबीच्या कढईजवळ गेली. काही नाही. प्रतिभाने तिच्या हातात गरम कचोरी ठेवली. जिभेला तिखट झोंबलं, मीठ लागलं, पण त्यापुढची सगळी दारं बंद. प्रतिभा डोळे मिटून म्हणायची, "अहाहा!" आणि कुमुदिनी तिच्या चेहऱ्याकडे बघून मागोमाग म्हणायची, "काय घमघमाट सुटलाय!" तेच शब्द, तेच हसू, प्रत्येक गाडीपुढे. आतमध्ये भीती थंडगार पाण्यासारखी चढत होती. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत. नैवेद्य बिघडेल, ही भीती होतीच. पण हे आता असंच राहणार, मरेपर्यंत असंच, ही त्याहून मोठी.

गल्लीच्या टोकाला मांडे करणारी बाई बसली होती. धगधगत्या चुलीवर खापर पालथं घातलेलं. बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत होती, आणि तो वाढत वाढत चांदण्यासारखा पातळ होत होता. माणसं कोंडाळं करून बघत होती. कुमुदिनी पुढे सरकली, अजून पुढे, अगदी चुलीच्या कडेशी. तूप-गुळाचा वास तरी येईल. एवढ्या जवळून तरी येईल.

आला नाही. पण भोवतालची माणसं एकाएकी माना वळवू लागली, हवेत हुंगू लागली. प्रतिभानेही मान वर केली. कुमुदिनीने ते पाहिलं. काहीतरी वास सुटला होता, सगळ्यांना आला होता, तिला एकटीलाच नव्हता. आता आपण मागे राहिलो तर कळेल सगळ्यांना. तिने घाईघाईने डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि हसून मोठ्याने म्हणाली,

"अहाहा! काय घमघमाट सुटलाय!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"अगं बाई, पदर!" मांडेवाली किंचाळली. "पदर पेटला तुझा!"

कुमुदिनीने डोळे उघडले. खांद्यावरून घसरलेला पदर चुलीत गेला होता, आणि एक इवलीशी केशरी ज्वाला त्यावरून तिच्याकडे चढत होती. मांडेवालीने हात धुवायच्या पातेल्यातलं पाणी भसकन ओतलं. प्रतिभाने नुसत्या तळव्यांनी पदर चुरगाळून विझवला. काळ्या चिंध्या चिखलात पडल्या. गर्दी हळहळली आणि पुन्हा मांड्यांकडे वळली.

प्रतिभा मात्र वळली नाही. ती जावेकडे बघत राहिली. तिला कळलं होतं.

"कधीपासून, ताई?"

"तापापासून." कुमुदिनीने जळका पदर मुठीत गोळा केला. "मला फार भीती वाटते गं. मी जळत होते, आणि मला ठाऊकही नव्हतं."

प्रतिभाने पोळलेल्या हातात तिचा हात घेतला. "उद्या मी चुलीजवळ बसते. रांधा तुम्ही, वास मी घेते. पण घरी सांगायचं. आजच."

त्या परत निघाल्या. वाटेत प्रतिभा हलक्या आवाजात सांगत गेली. इथे जिलबी. इथे लसूण. इथे पऱ्हाट्यांचा धूर, खरपूस. कुमुदिनी ऐकत होती, आणि प्रत्येक नावासाठी श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वास रिकामा परतत होता.

बाजार संपला, दिवे मागे पडले. प्रतिभा गप्प झाली.

"आता?" कुमुदिनीने विचारलं.

"आता काही नाही, ताई. गटार आहे."

"तेही सांग," कुमुदिनी म्हणाली. "सगळं सांग."

आणि प्रतिभा सांगू लागली. गटाराचं सांगितलं, ओल्या मातीचं, कुणाच्या तरी अंगणातल्या शेणसड्याचं. भिजलेला, जळका पदर मुठीत धरून कुमुदिनी त्या काळोखातून चालत राहिली, एका हाताच्या आधाराने, एका आवाजाच्या आधाराने, आपल्या चुलीकडे.