परतीच्या व्हॉल्व्हची किल्ली

‘इंजिनचालकाने इंजिन बंद करण्यापूर्वी ते तेलावरून डिझेलवर आणण्यात वारंवार कसूर केली, सबब सार्वजनिक पाणीउपसा इंजिनाच्या नाशास तो एकटा जबाबदार आहे.’

पाणीउपसा समितीच्या चौकशी अहवालातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्या चौकशीत इतके निर्दोष दुसरे काहीही निघाले नाही. पुरावा म्हणून अहवाल सांगतो तो असा: डिझेलवर आले की इंजिनाचा आवाज कोरडा, टणटणीत होत असे, त्या आवाजावर मळ्यातल्या बायका खुरपी धुवायला घेत, आणि शेवटच्या दिवसांत संध्याकाळी आवाज बदललाच नाही, असे त्याच बायकांनी सांगितले. आवाज बदलला नाही, म्हणजे डिझेल आले नाही. डिझेल आले नाही, म्हणजे चालकाने बटण फिरवले नाही. या अनुमानाची पहिली पायरी भक्कम आहे. दुसरीवर पाय न ठेवताच समितीने उडी मारली, कारण त्या पायरीखाली समिती स्वतःच बसलेली होती.

इंजिन नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. ते चालवणाऱ्याला लहानथोर सगळे मामा म्हणत, त्याच्या बायकोला अर्थातच मामी. शेडला टेकून एक खोली होती. ती नोकरीबरोबर मिळालेली, नोकरी गेली की जाणारी. मामीने तिथे इतकी वर्षे संसार केला होता की इंजिनाच्या धक्क्याने फळीवरची भांडी कुठवर सरकतात, हे ती डोळे मिटून सांगे.

डिझेल आणायला दूर जावे लागे आणि तेलाचा घाणा तर गावातच होता. तेव्हा इंजिन घाण्याच्या तेलावर चालवावे, असे ठरले. त्यासाठी समितीच्या कचेरीत मिस्त्रीला बोलावले. एका बाजूला समितीचे अध्यक्ष, म्हणजे वरच्या आळीचे पुढारी, दुसऱ्या बाजूला खालच्या आळीचा म्होरक्या घाणेवाला, आणि दाराशी उभे मामा.

“सोपं आहे,” मिस्त्री म्हणाला. “इंजिन सुरू करायचं डिझेलवर. गरम झालं की तेलावर घ्यायचं. बंद करायच्या आधी पुन्हा थोडा वेळ डिझेलवर, म्हणजे नळ्या धुऊन निघतात. तेल आत राहिलं तर थंडीत मेणासारखं घट्ट होतं. आणि एक ध्यानात ठेवा. इंजिन जेवढं ओढतं तेवढं पीत नाही. टाक्या दोन, आणि उरलेलं ज्याच्या त्याच्या टाकीत परत यायला पाहिजे. म्हणून जायची वाट नि यायची वाट, दोन्ही एकदम फिरल्या पाहिजेत. सहा तोंडांचा एक व्हॉल घ्या. एक बटण, काम खलास.”

“एकच?” अध्यक्षांनी विचारले.

“एकच.”

“मग तो आणायचा कुणी?” घाणेवाला म्हणाला.

हा प्रश्न मिस्त्रीला वेडगळ वाटला, कारण तो परगावचा. आमच्याकडे सार्वजनिक वस्तू निम्मी-निम्मी घेण्याचा रिवाज आहे, म्हणजे कोणत्याच आळीला दुसरीचे उपकार नकोत. शाळेची घंटा वरच्या आळीने दिली, तिच्यातला लोळा खालच्या आळीने. एका भांडणात खालच्यांनी लोळा काढून नेला, तेव्हा गुरुजी वर्षभर ताट वाजवत होते. ज्या गावाने घंटेसारखी एकजीव वस्तू दोन पक्षांत वाटली, त्याने एका व्हॉल्व्हपुढे हात टेकणे शक्य नव्हते.

“दोन व्हॉल लावले तर चालतं का?” अध्यक्षांनी विचारले.

“चालतं, पण दोन्ही एका जातीचे पाहिजेत, एका बटणावर…”

“चालतं म्हणाले. लिहून घ्या,” अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, आणि मिस्त्रीचे उरलेले वाक्य कारकुनाच्या टाकापर्यंत पोचलेच नाही.

जाण्याच्या वाटेचा व्हॉल्व्ह वरच्या आळीकडे गेला, परतीचा खालच्या. वरच्यांनी विजेचा आणला: शेडमध्ये बटण फिरवले की आत ‘टक’ असा आवाज होऊन डिझेलच्या जागी तेल. घाणेवाल्याचा विजेवर विश्वास नव्हता. “आत काय होतंय ते दिसत नाही, त्याचा काय भरवसा?” असे म्हणत त्याने हाताने फिरवायचा पितळी व्हॉल्व्ह पसंत केला. वस्तू चोख होती, मूठ भरीव होती, आणि मुठीला कुलूप घालण्यासाठी एक भोक होते. भोक दिसल्यावर कुलूप न लावणे आमच्या स्वभावात नाही.

तरीही पहिल्या दिवशी घाणेवाला किल्ली घेऊन स्वतः हजर होता. अध्यक्षांनी उद्घाटनाच्या भाषणात मिस्त्रीचे आभार मानले, तारेचे मानले, बटणाचे मानले. शेडवर लावलेल्या पाटीतही बटणाचा उल्लेख होता. पितळी व्हॉल्व्हचा नव्हता. घाणेवाल्याने शांतपणे पाटी वाचली, मूठ डिझेलच्या टाकीकडे वळवली, कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली आणि तो घरी गेला.

तेव्हापासून इंजिन तेल ओढे तेलाच्या टाकीतून आणि उरलेले तेल सोडी डिझेलच्या टाकीत. मामा संध्याकाळी नेमाने बटण फिरवत, आत ‘टक’ वाजे, आणि इंजिन डिझेलच्या टाकीतले जे काही असेल ते पिऊ लागे. त्या टाकीत दिवसागणिक डिझेल कमी आणि तेल जास्त होत गेले. ज्या आवाजाची समितीने साक्ष काढली, तो बदलेनासा झाला याचे कारण एवढेच की बदलायला टाकीत दुसरे काही उरलेच नव्हते.

डिझेलची टाकी मात्र रिकामी होईना. ही गोष्ट बिघाडाची खूण म्हणून नव्हे, योजनेचे यश म्हणून जाहीर झाली. अध्यक्ष शेजारच्या गावांतून पाहुणे आणून टाकीत काठी बुडवून दाखवू लागले. घाणेवालाही पाहुण्यांच्या मागे उभा राहून म्हणे, “तेल कुणाच्या घाण्याचं आहे ते पण विचारा.” स्वतःच्या चुकीची दवंडी इतक्या अभिमानाने पिटणारी माणसे इतिहासात विरळा, दरबारात मात्र नेहमीच सापडतात.

मामांनी टाकीत बोट बुडवून पाहिले आणि ते अध्यक्षांकडे गेले.

“साहेब, टाकीतलं डिझेल वाढतंय.”

“मग रडता कशाला, मामा? लोकांचं कमी होतं म्हणून लोक रडतात.”

“ते डिझेल नाही. चिकट लागतंय. परतीचा व्हॉल उघडायला पाहिजे.”

“तो आमचा नाही. तिकडे जा.”

मामा तिकडे गेले. घाणेवाला घाण्यापाशी पेंड फोडत बसला होता.

“दादा, किल्ली द्या. इंजिन जाईल.”

“देतो की. किल्ली काय मला खायची आहे? पाटीवर नाव घाला, घेऊन जा.”

“पाटी माझ्या हातात नाही.”

“मग ज्याच्या हातात आहे त्याला मागायला पाठवा.”

मामा पुन्हा वर आले. अध्यक्षांनी पुरते ऐकूनही घेतले नाही. “मी? त्याच्या दारात? मामा, तुम्ही पाणी सोडायला आहात. राजकारण करू नका.” आणि टाकीबद्दल कुणी शंका काढू नये म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिच्या झाकणाला लाखेचे सील ठोकले.

मामीने हे सगळे चुलीपाशी बसून ऐकले. “म्हणजे तुमचं असं झालं, दोन घरचा पाहुणा उपाशी.”

“उपाशी असतो तर बरं होतं. इंजिनाला नको ते खाऊ घालतोय.”

“मग तेलावर घेऊच नका.”

“डिझेल तरी कुठं आहे? टाकीत तेच तेल. टाकी उपसावी तर सील.”

“धन्य!” मामी म्हणाली. “पाण्याला कुलूप लावायचं तेवढं राहिलंय. तेही सांगून या, विसरले असतील.”

थंडी उतरली. एका सकाळी मामांनी इंजिनाला चक्कर दिली, तेव्हा आतून चिखलात रुतलेल्या बैलाने द्यावा तसा एक सुस्कारा आला. आणखी जोर लावल्यावर काहीतरी कट्‌कन मोडले. मळ्यात कोबी गड्डा धरत होता. पाणी थांबले आणि आठवड्याच्या आत पाने कडेने कागदासारखी वाजू लागली.

मिस्त्रीने येऊन इंजिन उघडले. पंपाचा दट्ट्या जागीच चिकटला होता, तेलाची तोंडे काळ्या राळेने बुजली होती. मग त्याने टाकीचे सील फोडले, काठी बुडवली आणि दोन्ही आळ्यांसमोर उंच धरली. काठीवरून थेंब पडत नव्हते. एक जाड, पिवळा धागा लोंबत होता.

“याला डिझेल म्हणायचं?” मिस्त्री म्हणाला.

सगळ्यांनी आधी पितळी व्हॉल्व्हच्या कुलुपाकडे पाहिले, मग सीलच्या लाखेकडे, आणि शेवटी मामांकडे. दोन अपराधी वस्तूंपैकी कोणतीही निवडली तर एक आळी दुखावणार होती. मामांची आळी कोणतीच नव्हती. ते नदीकाठी राहत.

त्याच दुपारी अध्यक्ष आणि घाणेवाला मामीच्या खोलीत बरोबर आले. हे गावात पहिल्यांदाच घडत होते.

“बसा,” मामी म्हणाली. “खाट एकच आहे. निम्मी-निम्मी वाटून घ्या.”

“मामी, गाव एक झालंय,” अध्यक्ष म्हणाले.

“मयताला होतातच सगळे एक.”

“टोमणे नकोत. नवं इंजिन मिळायचं तर वर सरकारात अहवाल द्यावा लागतो. चूक कुणाची ते लिहावं लागतं.”

“मग लिहा की. शाई संपली का?”

घाणेवाल्याने घसा साफ केला. “मामी, मामांनी फक्त म्हणायचं, माझ्याकडून झालं. नोकरी राहील. ही खोली राहील. आम्ही दोघं शब्द देतो.”

“दोघं? म्हणजे निम्मा शब्द त्यांचा, निम्मा तुमचा. जोडणार कोण?”

“आणि नाही म्हटलं तर?” मामांनी पहिल्यांदा तोंड उघडले.

अध्यक्षांनी वर पत्र्याकडे पाहिले. “खोली समितीची आहे, मामा.”

मामी उठली आणि फळीवरची भांडी मागे सरकवू लागली. इंजिन बंद असल्याने ती सरकलेली नव्हतीच. मामा तिच्या हातांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “म्हणतो. पण माझ्या शब्दांत म्हणीन.”

“तुमच्याच शब्दांत!” अध्यक्ष खुलले. “नियमच आहे तसा. शब्दशः.”

सभेत मामा बोलले, कारकुनाने लिहून घेतले. पहिले वाक्य कानी पडताच दोन्ही आळ्यांत असे हायसे वाटले की पुढचे कुणी ऐकलेच नाही. जबाब एकमताने मंजूर झाला, अहवालाला जोडला गेला आणि त्यावर अध्यक्ष व घाणेवाला या दोघांनीही खुशीने सही केली. मामा आजही त्या खोलीत राहतात. जबाब शब्दशः असा आहे:

‘इंजिन माझ्यामुळं गेलं. बटण मी रोज फिरवत होतो. पण बटणानं नुसती जायची वाट फिरते, यायची वाट कुलपात आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून चालवलं. एकदा हातोडा घेऊन व्हॉलपाशी गेलो होतो. एक घाव पुरे होता. मग वाटलं, कुलूप फुटलं तर दोन्ही आळ्या एकमेकांच्या अंगावर धावतील, डोकी फुटतील. इंजिनाचं काय, लोखंड आहे, सोसेल. म्हणून हातोडा जागेवर ठेवला. तेवढं चुकलं माझं. मी गाव वाचवत बसलो, आणि मला पगार इंजिन वाचवायचा होता.’