पहिलं बरं की दुसरं?

त्या दिवशी हवा कशी होती ते मला अजून धड सांगता येत नाही. सकाळी ऊन होतं, पण त्यात जीव नव्हता. दहाच्या सुमाराला ढग आले, उगाच दुकानावर सावली धरून उभे राहिले आणि न पडताच निघून गेले. वारा सुटला तोही कोमट. समोरच्या इमारतीत एका बाईनं पंखा लावला आणि तिच्याच शेजारच्या खिडकीत एक म्हातारा कानटोपी घालून बसला. मी खुंटीवरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होतो, आणि नेहमीप्रमाणे माझ्या काही ध्यानात येत नव्हतं.

मी एक थैला बोलतोय. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला दोन अंगांनी दोन थैले लटकतात ना, त्यातला उजवीकडचा. जाड कापडाचा, दोन बकलांचा, खालचा एक कोपरा करपलेला. लिहिता-वाचता मला येत नाही. माझ्या पोटात लोकर भरली की मी समजायचं थंडी आली, पातळ सदरे भरले की उन्हाळा आला. एवढंच माझं शिक्षण, आणि त्या शिक्षणानंच माझा घोटाळा केला.

माझा जन्म गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याकडे झाला. त्यानं एका जुन्या तंबूच्या कापडातून आम्हाला बेतलं. डावा दुपारी शिवून झाला, मी दिवे लागायच्या वेळेला. म्हणून मी त्याला दादा म्हणतो. दादाचं नशीब वाऱ्याचं. माझ्या बुडाखाली मात्र गाडीचा सायलेन्सर. गाडी सुरू झाली की मला ताप चढणार, मग बाहेर बर्फ का पडेना.

आमचे मालक चष्मेवाले. अरुंद दुकान, एक उंच खुर्ची, समोर भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता आणि काचांची एक लाकडी पेटी. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवायची आणि तिच्यात एकेक काच सरकवत विचारत राहायचं, "हे पहिलं. हे दुसरं. पहिलं बरं की दुसरं?" दिवसभर हेच. घरी आमटी वाढली तरी मालक दोन वाट्यांकडे बघून थांबायचे. तेव्हा मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, दोन्हीत एकच आहे. जेवा आता."

मालकांना एक मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनंच त्यांना वाढवलं. धंदा शिकताना पहिली फ्रेम त्यांनी ताईच्याच नाकावर चढवली होती, आणि तिचे डोळे ठणठणीत असूनही तासभर तिला छळलं होतं. ही ताई राहते लांब. आधी वाळवंट ओलांडायचं, मग डोंगर चढायचा, वरच्या खिंडीतून पलीकडे उतरलं की तिचं गाव. बस वाळवंटाच्या कडेपर्यंतच जाते. म्हणून मोटारसायकल आणि म्हणून आम्ही दोघे भाऊ.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी ठरवलं की ताईकडे जायचं. ती फोनवर तेच तेच विचारायला लागली होती. एकदा तर आईला फोन दे म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मालकांनी गाडीचं तेल बदललं आणि आम्हाला झटकून खुंटीला लावलं. प्रश्न एवढाच उरला की कुठल्या मोसमात निघायचं.

आता दुकानात माणसं काय कमी येतात? हनुवटी वर करून, नाकावर फ्रेम घेऊन जो तो सल्ला द्यायला लागला. एक ट्रकवाला म्हणाला, "वाळवंट थंडीतच. उन्हाळ्यात गेलात तर टायर आधी वितळेल, मग तुम्ही." मालकांनी लगेच लोकर माझ्या पोटात भरली. चारच दिवसांनी रस्त्यांची मोजणी करणारा एक जण आला. "थंडीत? अहो काका, थंडीत खिंड बंद असते. डोंगर उन्हाळ्यातच." झालं, लोकर बाहेर. तिसरा म्हणाला, दोन्हीच्या मधल्या दिवसांत जा. चौथा म्हणाला, मधल्या दिवसांत वाळूची वादळं येतात आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं, मधल्या दिवसांत तर मुळीच नको.

मी आपला खुंटीवर. आत लोकर आली की वाटायचं, थंडी पडली. बाहेर बघावं तर माणसं घाम पुसतायत. मी दादाला विचारायचो, "दादा, कुठला महिना चाललाय?" तो म्हणायचा, "मला काय विचारतोस? माझ्यात पातळ सदरे आहेत."

शेवटी मालकांनी ठरवलं की लोकांचं ऐकायचं नाही, ताईलाच विचारायचं. ताईकडे स्वतःचा फोन नव्हता. तिच्या शेजारीणबाईंकडे होता. त्या बाई फार तुटक. मालकांनी फोन केला की म्हणायच्या, "हं. देते." आणि चपला वाजवत जाऊन फोन ताईच्या हातात द्यायच्या. तीन वर्षांत याहून एक शब्द जास्त नाही.

मालक विचारायचे, "ताई, तिकडे हवा कशी आहे गं? आता येऊ की पुढे येऊ?"

ताई एकदा म्हणाली, "अरे बारक्या, बर्फ खिडकीपर्यंत आलंय. आत्ता नको येऊस." आमच्याकडे तेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. तरी मालकांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला, ऐन थंडीत, ती म्हणाली, "अंगाची नुसती लाही होतेय. विहीर आटली. उन्हं उतरू देत, मग ये." मालकांनी पुन्हा लोकर बाहेर काढली.

मालकीणबाईंचा संयम सुटला. "तीन वर्षं तो स्वेटर आतबाहेर करतेय मी. एव्हाना स्वेटर एकटा चालत तिकडे पोहोचला असता! त्या शेजारीणबाईंना का नाही विचारत, खरी हवा कशी आहे ते?"

मालकांनी एक काच पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाले, "ताईला विचारल्यावर पुन्हा दुसऱ्याला विचारायचं म्हणजे ताईचं खरं धरलं नाही असं होतं."

बाईंनी स्वेटरची घडी नीट करून ठेवली आणि त्या आत गेल्या. मलाही तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न हवेचा नसावा. पण मी थैला. मला काय कळतंय?

आणि मग तो दिवस आला, ज्याची हवा मी सुरुवातीला सांगितली. खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं. मालकांनी फोन लावला. "हं. देते." चपला वाजल्या.

"ताई, मी बोलतोय. थंडीत येऊ की उन्हाळ्यात?"

पलीकडून ताईचा आवाज आला, गोड, आणि परक्या माणसाशी बोलावं तसा. "मला तर दोन्ही सारखंच. तुम्ही कधीही या. माझा भाऊ चष्मे करतो हो. तोही यायचाय. तुमची गाठ पडेल."

'तुम्ही' म्हणाली. ज्याला अंघोळ घातली, ज्याचे कान उपटले, त्याला ताई 'तुम्ही' म्हणाली.

मालकांनी फोन ठेवला. मला वाटलं आता ते रडतील. पण त्यांनी काचांची पेटी मिटली, भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि बायकोला म्हणाले, "नंबर सापडला."

"कसला नंबर?"

"गिऱ्हाईक म्हणालं की दोन्ही सारखंच दिसतंय, की काच बदलायची थांबवायची. त्यापुढे बदलत बसलं तर डोळा थकतो. इतकी वर्षं लोकांना हेच सांगत आलो." मग जरा हळू म्हणाले, "तिची नजर चाललीय आणि मी अजून काचा सरकवतोय."

मालकीणबाईंनी लोकर माझ्यात भरली आणि पातळ सदरे दादात. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही एकाच दिवशी. लोकरीच्या मधोमध मालकांनी काचांची पेटी आणि ती गोल फ्रेम ठेवली. माझा उसवलेला पट्टा बाईंनी उभ्याउभ्याच टाचला. "रोज फोन करा," म्हणाल्या. "आणि आता कुणाला काही विचारू नका."

प्रवासाचं काय सांगू? वाळवंटात पहाटे मालक कुडकुडत होते, दुपारी ओला रुमाल डोक्यावर टाकून सावली शोधत होते. वाळू माझ्या शिवणीशिवणीत शिरली, ती आजही निघालेली नाही. डोंगरात एका तासात गारा, ऊन, धुकं आणि पुन्हा ऊन. दोनदा रस्त्यावरून वाहतं पाणी ओलांडलं, तेव्हा मी पोटापर्यंत भिजलो. लगेच सायलेन्सरनं मला शेकलं, आणि तिथंच माझा कोपरा करपला. खिंडीत बर्फ काढायचं काम चालू होतं म्हणून अर्धा दिवस थांबावं लागलं. ट्रकवाला खरा होता, मोजणीवाला खरा होता, तिसरा-चौथाही खरा होता. मी दादाला ओरडून विचारलं, "दादा, आता कुठला मोसम?" दादा वाऱ्यात फडफडत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं.

सहाव्या दिवशी उतारावरचं एक घर आलं. दारात एक बारीकशी बाई शेंगा निवडत बसली होती. मालकांनी गाडी बंद केली. ती वर बघून म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?"

मी तुमचा भाऊ, असं मालक म्हणाले नाहीत. त्यांनी मला गाडीवरून सोडलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि लोकर बाजूला करून फ्रेम काढली. "डोळे तपासायला आलोय," एवढंच म्हणाले. ताई निमूटपणे उठून दारातल्या खुर्चीत बसली. फ्रेम नाकावर बसली. मालकांनी माझ्यातून काचांची पेटी काढून उघडली, आतल्या काचा एकमेकींवर किणकिणल्या.

"हे पहिलं. हे दुसरं. पहिलं बरं की दुसरं?"

ताईनं नुसते डोळे मिचकावले.

"पुन्हा बघा. हे पहिलं. हे दुसरं."

ताईनं एकदम फ्रेमसकट मान मागे टाकली. "दोन्ही सारखंच दिसतंय रे! किती छळशील मला?"

'छळशील' म्हणाली. ती आताच्या मालकांना म्हणाली की तासभर फ्रेम घेऊन मागे लागलेल्या त्या जुन्या पोराला, ते मला कळलं नाही. मालकांनाही कळलं नसावं. ते हातात काच धरून तसेच उभे राहिले. मग बसले, तिच्या पायाशी, जमिनीवर.

मालक महिनाभर राहिले. काही दिवस ते 'तुम्ही' असायचे, काही दिवस 'तू'. सकाळी दार उघडेपर्यंत कळायचं नाही. जाताना त्यांनी मला इथंच ठेवलं. ताईला माझ्यात हात घालून काहीतरी शोधत बसायला आवडतं. "याला न्यायला येईन," ते तिला म्हणाले. एकट्या दादाला घेऊन त्यांची गाडी डावीकडे कलत उतारानं गेली, ती मी ताईच्या दाराजवळच्या खिळ्यावरून बघितली.

आता माझ्या पोटात मालकांचा स्वेटर आहे, दोन पातळ साड्या आहेत आणि मूठभर शेंगा. यावरून मोसम कुठला ते मला सांगता येत नाही. बाबांनो, तुमचं कुणी लांब असेल आणि तुम्हीही थैला आतबाहेर करत असाल, तर मला सल्ला विचारू नका. मी घोटाळलेला आहे. फक्त एकदा दोन्ही भरा आणि बकल लावा.

शेजारीणबाईंचं सांगायचं राहिलं. मालक त्या दिवशी जमिनीवर बसले होते तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सहा दिवसांच्या धुळीनं माखलेली गाडी बघितली, माझा करपलेला कोपरा बघितला, फ्रेम घालून हसणारी ताई बघितली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या 'हं, देते'च्या पुढे बोलल्या:

"आलात, बरं केलंत. पण आमच्याकडे यायचा हा मोसम नव्हे हो."