बेबीताईच्या भिशीवर आलेली नोटीस

सुमेध हे लिहिणारच नव्हता. घरी इन्कम टॅक्सची नोटीस आली, ही काय लिहून ठेवायची गोष्ट आहे? पण त्या दिवशीचा चहा विसरता येईना, म्हणून बसला मोबाइल घेऊन.

त्याची आई, बेबीताई, रुआबांधा वस्तीत भिशी चालवते. दर महिन्याला बायका नगदी आणून देतात. घरात एवढी रक्कम ठेवायची भीती, म्हणून ती बँकेत भरते, अन् जिचा नंबर लागेल तिच्या खात्यात पाठवते. नोटिशीत विचारलं होतं, ही नगदी कुठून आली? सांगितलं नाही तर सगळी तुमचीच कमाई धरून टॅक्स लावू.

"भरून टाक ना बाप्पा," आई म्हणाली. "माह्या पाटल्या मोड. पण बायकांले कळू देऊ नको. म्हणतीन, बेबीनं भिशी खाल्ली."

सुमेध भरायलाच निघाला होता. त्याआधी जवळच्या जामुल गावच्या भूपेंद्रला फोन लावला. शाळेपासूनचा दोस्त, सिमेंटचं दुकान चालवतो.

"पागल है क्या? मेरे को आया था तो मैंने डर के मारे भर दिया, बिना पढ़े. बाद में पता चला, देना ही नहीं था. तू पहले पढ़!"

मग सुमेध वाचत बसला. कायद्याची भाषा डोक्यावरून गेली की यूट्यूबवर हिंदीत ऐकायचा, पुन्हा वाचायचा. हळूहळू उमगलं. पैसा खात्यात आला म्हणजे कमाई झाली असं नाही. पण तो कोणाचा, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. पासबुकात दिसतच होतं, आलेला पैसा दर महिन्याला वेगळ्या बाईकडे गेलेला. आता फक्त बायकांनी लिहून द्यायचं, की हा पैसा आमचा.

म्हणजे त्यांना सांगणं आलं. आई रुसूनच बसली. शेवटी तिनंच सगळ्यांना चहाला बोलावलं, नोटीस पुढं ठेवली अन् मान खाली घातली.

मग कलावती मावशीनं कपात वाकून पाहिलं.

"अवं बेबी, तुही एवढी कमाई असती तं चहात दूध नसतं का टाकलं तू?"

असा हशा उठला! आईही हसली, हसता हसताच पदर डोळ्याला लावला.

"कुठं सही करू रे सुमेध, सांग," मावशी म्हणाली. सगळ्यांनी लिहून दिलं. रत्नमाला काकू कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडतात, पण सगळ्यांच्या कागदांच्या झेरॉक्स त्यांनीच काढून आणल्या अन् त्याचे पैसे घेतले नाहीत.

सुमेधनं सगळं पोर्टलवर टाकलं. काही महिन्यांनी आदेश आला: खुलासा मान्य, टॅक्स नाही. आईनं बायकांना पुन्हा बोलावलं. ह्यावेळी चहा नुसत्या दुधाचा.

सुमेधनं भूपेंद्रला फोन केला, तुझ्यामुळं आई वाचली म्हणायला. तिकडं आवाज पडलेला.

"यार, मेरे को फिर नोटिस आया है. भर देता हूँ, झंझट खतम."

"हात लावू नको त्याले," सुमेध म्हणाला. "उद्या येऊन राहिलो मी जामुलले. पहले दोघं मिळून वाचू. देणं निघालं तं भर, नाही निघालं तं उत्तर लिहू. आखिर तक तेरे साथ बैठूँगा, भूपेंद्र. वादा."